रंगरावांच्या वाट्याचा परदेशी

रंगराव कुणाचा हेवा करत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, आणि बहुतेक वेळा कुणी न विचारता सांगतात. समोरच्या घरात सेतुमाधवाने दोन दारांचा फ्रिज आणला तेव्हा त्यांनी ते सांगितलं. सेतुमाधवाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो पंधरा दिवसांत टुणटुणीत चालायला लागला, तेव्हा तर स्वतःचा गुडघा चोळत दोनदा सांगितलं. सेतुमाधव त्यांचा मावसभाऊ. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत दोघांची घरं दारासमोर दार अशी. रंगराव विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि सेतुमाधव कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून. त्यामुळे गल्ली एकाला रंगराव म्हणते आणि दुसऱ्याला प्रोफेसर. याचंही रंगरावांना काही वाटत नसे.

पण गेल्या जूनमध्ये सेतुमाधवाच्या घरी गोरा आला आणि रंगरावांची झोप उडाली.

झालं असं, की गावाबाहेरच्या मोठ्या विद्यापीठात अलीकडे परदेशी विद्यार्थी यायला लागलेत. ही पोरं हॉस्टेल, कँटीन आणि मोबाइल यांच्यापलीकडे काही बघतच नाहीत असं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि विद्यापीठाने 'मित्र-कुटुंब' नावाची योजना काढली. गावातल्या एका कुटुंबाने एक विद्यार्थी आपला मानायचा. रविवारी जेवायला बोलवायचं, सणाच्या सुट्टीत हॉस्टेल बंद झालं की घरी ठेवून घ्यायचं. त्यातून दोन्हीकडच्या संस्कृती एकमेकींना समजतील, असं पत्रकात छापलं होतं. सेतुमाधवाच्या वाट्याला आला मातास, लिथुआनियाचा. लिथुआनिया कुठे आहे हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, प्रोफेसरांना धरून. पण मातास सहा फूट तीन इंच उंच होता आणि त्याचे केस पिवळे होते, एवढं गल्लीला पुरेसं होतं.

दुसऱ्या रविवारी मातास वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून आला. तिसऱ्या रविवारी त्याच्या कपाळाला विभूती होती. चौथ्या रविवारी तमिळ पेपरात फोटो! मध्ये मातास, केळीच्या पानासमोर मांडी घालून. उजवीकडे सेतुमाधवाची बायको भुवनेश्वरी, हातात डाव घेऊन. डावीकडे सेतुमाधव, काही कारण नसताना हसत. आणि फोटोच्या अगदी कडेला, दारातून आत आलेलं कुणाचं तरी एक कोपर. ते रंगरावांचं होतं.

रंगरावांनी तो पेपर चार वेळा पाहिला. मग बायकोला हाक मारली.

"राजी, आपणही एक आणायचा."

"काय?" राजलक्ष्मीने आतून विचारलं.

"फॉरिनर."

"अहो, तो काय मिक्सर आहे, समोरच्यांनी घेतला म्हणून आपणही घ्यायला?"

पण रंगरावांचं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते टाउन बसने विद्यापीठात गेले. तिथे नित्या मॅडम नावाची एक तरुण बाई या योजनेचं काम बघायची. तिने रंगरावांचा अर्ज हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सार, आमच्या फॉर्ममध्ये हा रकाना नाहीये."

रकाना रंगरावांनीच पट्टी लावून आखला होता. बत्तीस वर्षं क्लार्की केलेल्या माणसाला अपुरा फॉर्म बघवत नाही. वर लिहिलं होतं 'पसंती', आणि खाली, सुवाच्य अक्षरात, 'युरोप. उत्तर भाग असल्यास उत्तम.'

"सार, विद्यार्थी आम्ही ठरवतो," नित्या मॅडम म्हणाली. "आधी घर बघायला येऊ. पाहुण्याची सोय कशी आहे ते बघतो."

सोय! त्या एका शब्दाने पुढचा महिना खाल्ला. कारण रंगराव घरी आले आणि त्यांनी शेजारच्या सांबशिवला सल्ला विचारला. सांबशिव रेल्वेतला निवृत्त गार्ड. त्याचा भाचा कॅनडात असल्यामुळे परदेशी माणसाविषयी गल्लीत शेवटचा शब्द त्याचा.

"सोय म्हणजे टॉयलेट," सांबशिव म्हणाला. "गोऱ्याला उकिडवं बसता येत नाही रंगराव. त्यांचे गुडघे तसे वळतच नाहीत. माझ्या भाच्याने सांगितलंय."

"पण तो मातास तर मांडी घालून बसतो."

"मांडी वेगळी, उकिडवं वेगळं," सांबशिव म्हणाला. एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं शक्य नव्हतं.

मागच्या अंगणात दोन संडास होते. त्यांतल्या एकात कमोड बसवायचं ठरलं. नटराज प्लंबर आला, त्याने कमोड बसवलं, आणि मग असं दिसलं की त्यावर माणूस बसला की दार लागत नाही. गुडघे मध्ये येतात. रंगराव स्वतः बसून बघायला गेले तेव्हा त्यांचे गुडघे दारात आणि नटराज समोर उभा, असा तो देखावा सांबशिवच्या गच्चीतून व्यवस्थित दिसत होता.

"सार, तुमचेच एवढे येतात, तर गोऱ्याचे रस्त्यावर जातील," नटराज म्हणाला.

मग कमोड फिरवलं. फिरवल्यावर बसणाऱ्याची पाठ देवघराच्या भिंतीला लागली. राजलक्ष्मी म्हणाली, परदेशी असो की स्वदेशी, माझ्या देवांना पाठ टेकून कुणी हे करणार नाही. पुन्हा फिरवलं. मग दारच बाहेर उघडेल असं करून घेतलं, तर ते धुण्याच्या दगडावर आपटायला लागलं. दगड काही हलेना. शेवटी दार उघडायचं अर्धं आणि मिटायचं पाऊण. उरलेल्या फटीसाठी नटराजने कडीला एक सुंभाची दोरी बांधून दिली. आत बसणाऱ्याने ती ओढून धरायची.

नित्या मॅडम घर बघायला आली तेव्हा रंगरावांनी तिला पंखा दाखवला नाही, खोली दाखवली नाही. थेट मागे नेलं आणि दोरी तिच्या हातात दिली.

"छान आहे सार," ती जरा थांबून म्हणाली. "पण आमच्या यादीत हे नाहीये. पिण्याचं पाणी आणि झोपायची जागा, एवढंच बघतो."

"समोरच्या प्रोफेसरांकडे?"

"त्यांच्याकडे इंडियनच आहे. मातासला तेच आवडतं म्हणे."

रंगराव त्या दिवशी दुपारचं जेवले नाहीत. हेवा म्हणून नव्हे. पोट बरं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी रंगरावांचा परदेशी यायचा होता. नाव प्रणवेश असं कळलं होतं, पण रंगरावांनी ते मनावर घेतलं नाही. हल्ली गोरे लोक आपली नावं घेतात, असं सांबशिव म्हणाला होता. राजलक्ष्मी ओवाळायला हळद-चुन्याचं लाल पाणी ताटात घेऊन उंबऱ्यात उभी. सांबशिव फोन धरून फोटोला तयार. समोरच्या ओट्यावर सेतुमाधव, सहज बसल्यासारखा.

रिक्षा थांबली. तिच्यातून एक काळासावळा, किडकिडीत, चष्मेवाला पोरगा उतरला. सगळे त्याच्या मागे बघायला लागले. रिक्षा निघून गेली.

"फॉरिनर कुठाय?" सांबशिवने त्या पोरालाच विचारलं.

"मीच," पोरगा इंग्रजीत म्हणाला. "मॉरिशसहून."

सांबशिवने फोन खाली घेतला. समोरच्या ओट्यावर सेतुमाधवाला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ गेली नाही.

"हा तर आपल्या गणेशकुमारासारखा दिसतो," ताट ओवाळता ओवाळता राजलक्ष्मी नवऱ्याला मराठीत म्हणाली. गणेशकुमार त्यांचा मुलगा, चेन्नईत नोकरीला.

"सेतूला गोरा, आणि माझ्या वाट्याला हा!" रंगराव मराठीत म्हणाले. "ह्यापेक्षा कुंभकोणमच्या बसमधून कुणी उतरवून घेतला असता तरी चाललं असतं."

"हळू बोला की."

"त्याला काय कळतंय!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तंजावूरच्या मराठी घरांत साडेतीनशे वर्षांत मराठीचा एक उपयोग कधी चुकला नाही. बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. मराठी कशासाठी, तर माणसाच्या पाठीमागे बोलायचं ते त्याच्या समोर बोलण्यासाठी. साडीच्या दुकानात दुकानदारासमोरच "रंग जाणार हिचा, उठ" असं म्हणायला मराठी. मुलगी बघायला गेल्यावर तिथेच बसून "नाक जरा मोठं आहे" म्हणायला मराठी. पाहुणा उठत नसेल तर त्याच्याकडे हसून बघत "हा केव्हा जाणार?" असं विचारायला मराठी. बिचाऱ्या गावाला काही कळत नाही, आणि मराठी घरांचं ब्लडप्रेशर त्यामुळे फार चांगलं राहतं. देवनागरी वाचता येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी, पोरांना तर बोलतासुद्धा धड येत नाही, पण ही सोय कुणी सोडलेली नाही. आता या पोराचं म्हणाल, तर रंगरावांनी त्याला विचारलं होतं, "तू तमिळ का?" तो म्हणाला, "नाही अंकल." "मग हिंदी?" "नाही अंकल. घरी क्रिओल बोलतो, शाळेत फ्रेंच." झालं, संपला विषय. मराठी माणूस तंजावुरात असतो किंवा महाराष्ट्रात असतो. तो समुद्रात कुठे असू शकेल हे रंगरावांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

तर रविवारमागून रविवार जायला लागले. प्रणवेश दहाच्या सुमारास यायचा, पायताण काढायचा, पाय धुवून आत यायचा. जेवण हाताने, आणि इतकं सफाईने की पानावर काही उरायचं नाही. राजलक्ष्मीने वांग्याची रसवांगी केली, पुरणपोळ्या केल्या. त्याने पाच खाल्ल्या. जेवल्यावर पान स्वतः उचललं. आणि कमोड? त्याने ते कौतुकाने पाहिलं, दोरी दोनदा ओढून पाहिली, आणि शेजारच्या जुन्या संडासात गेला. आजीच्या घरी असाच आहे, म्हणाला.

"सगळं आपल्यासारखंच!" रंगराव कळवळून मराठीत म्हणाले. "मग ह्याला परदेशी कशाला म्हणायचं? राजी, ह्याला निदान चमचा तरी दे."

चमचा आणि काटा ही सांबशिवची सूचना. शिवाय गॉगल. शिवाय जेवण झालं की ओट्यावर बसून मोठ्याने फ्रेंच बोलायचं. प्रणवेश भला पोरगा. तोही काट्याने दहीभात खायचा आणि मग गॉगल लावून ओट्यावर बसायचा. फोनवर मित्राशी अर्धा तास फ्रेंचमध्ये बोलायचा, आणि रंगराव शेजारी बसून मान हलवायचे. पण समोर मातास वेष्टी सावरत तमिळमध्ये भाजीवाल्याशी घासाघीस करत असे. गल्ली तिकडे जमायची. इकडे एक म्हातारी थांबली ती फक्त एवढं विचारायला की पोराचे डोळे आले आहेत का.

"बघ, बघ," रंगराव प्रणवेशसमोरच बायकोला म्हणायचे. "साठ वर्षं हेच चाललंय. सेतूचं सगळं झकास. शाळेत असताना त्याच्या पतंगाला शेपूट, माझ्या नाही. आता त्याच्या पोराचा पेपरात फोटो, आणि आमचं ध्यान बघ! गॉगल घालूनसुद्धा काही होत नाही."

ध्यान शांतपणे शेंगा सोलत बसायचं.

आणि असं बोलणारे रंगराव एकटेच नव्हते. एका रविवारी भुवनेश्वरी वाटी मागायला म्हणून आली आणि राजलक्ष्मीजवळ बसून तिने प्रणवेशच्या डोक्यावरून मराठीत मन मोकळं केलं. "तुला सांगते राजी, आमचा तो दोन इडल्या खातो की पळाला. गावात आणखी दोन घरी जातो. माझं नाव विचार त्याला, सांगता येणार नाही. गुणी आहे गं पोर, पण पाहुणा तो पाहुणाच. हे रात्री बसून त्याच्यासाठी तमिळ वाक्यं लिहितात, तो पाठ करतो आणि भाजीवाल्याला म्हणून दाखवतो. तुमचा हा बघ, पान उचलतो, शेंगा सोलतो. मला तर हेवाच वाटतो." राजलक्ष्मीने हे रंगरावांना सांगितलं नाही. नवऱ्याला एकदम एवढं सुख सोसणार नाही असं तिला वाटलं असावं.

जानेवारीत पोंगलची सुट्टी लागली. हॉस्टेल बंद. प्रणवेश आठवडाभर राहायला यायचा म्हणून पोलिसांना कळवणं आलं. परदेशी माणूस घरी ठेवायचा तर पासपोर्टचे कागद, व्हिसाचे कागद आणि घराचा समोरून काढलेला फोटो द्यावा लागतो. रंगरावांनी सगळं फोनवरून पाठवलं. फक्त फोनमध्ये फोटो दोन होते, एक घराचा आणि एक कमोडचा. 'विदेशी पाहुणा येथे राहील' असं खाली लिहून त्यांनी दुसरा पाठवला.

तिसऱ्या दिवशी हवालदार हजर. दार प्रणवेशने उघडलं, अंगात बनियन, हातात उसाचं कांडं.

"तंबी, बाबांना बोलाव," हवालदार म्हणाला. "इथे एक परदेशी माणूस संडासात ठेवलाय म्हणे."

त्यातून बाहेर यायला दोन तास, चार कॉफ्या आणि नित्या मॅडमचा फोन लागला. कारण आधी हवालदाराला परदेशी दाखवावा लागला, आणि दाखवलेला परदेशी त्याला पटेना. पासपोर्टवरचा फोटो, प्रणवेशचं तोंड, पुन्हा फोटो, असं तो कितीतरी वेळ करत होता. जाताना म्हणाला, "प्रोफेसरांकडे काही भानगड नाही. तिथला बघितल्याबरोबर कळतो." एवढं बोलायची काही गरज नव्हती.

आता उरला होता फक्त विद्यापीठाचा समारंभ. सुट्टी संपली की दुसऱ्याच दिवशी मित्र-कुटुंबांचा मेळावा. प्रत्येक विद्यार्थ्याने स्टेजवर येऊन आपल्या कुटुंबाबद्दल तीन मिनिटं बोलायचं, आणि मग कुलगुरूंच्या हस्ते एका कुटुंबाला शाल. त्या कुटुंबाचा फोटो विद्यापीठात कायमचा लागणार. रंगरावांना ती शाल हवी होती. थंडी म्हणून नव्हे, तंजावुरात थंडी कुठली? सेतूच्या डोळ्यांसमोर एकदा, फक्त एकदा, ती आपल्या खांद्यावर पडावी म्हणून हवी होती. त्यांनी प्रणवेशला फ्रेंचमध्ये बोलायला सांगितलं. कुणाला कळणार नाही, म्हणजे कुणी नाव ठेवणार नाही.

आदल्या संध्याकाळी रंगराव आपलं आमंत्रणपत्र पुन्हा एकदा वाचायला बसले आणि चष्मा सापडेना. उशीखाली नाही, पेपराखाली नाही.

"कोठें ठेवलों चष्मा, देव जाणे," ते मराठीत पुटपुटले.

"देवघरात. गणपतीच्या मागं," प्रणवेश फोनमधून मान वर न करता म्हणाला.

"हां," म्हणून रंगराव उठले, देवघरात गेले, गणपतीच्या मागून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. आणि तिथेच उभे राहिले.

स्वयंपाकघरात राजलक्ष्मीचा हात लाटण्यावर थांबला. प्रणवेशने फोन हळूच खाली ठेवला.

"तू... मराठी?" रंगरावांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"होय काका." आजवर तो अंकल म्हणायचा. "माझे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेले. आजी घरी बोलते. शाळेत पाच वर्षं होती मला. तुमची मराठी जरा वेगळी वाटली आधी. दोन रविवार लागले."

"दोनच?" रंगराव म्हणाले.

"पहिल्या दिवशीचं तेवढं सगळं कळलं होतं," प्रणवेश खाली बघत म्हणाला. "काकू म्हणाल्या, मी तुमच्या मुलासारखा दिसतो. मला बरं वाटलं. सांगणार होतो लगेच. मग तुम्ही बोललात, 'माझ्या वाट्याला हा.' त्यानंतर कसं सांगायचं? तुम्हालाच लाज वाटली असती."

आता नवरा-बायकोला तातडीने बोलायचं होतं. पण कुठल्या भाषेत? मराठी गेली. तमिळ पोराला आता बरीच कळत होती. इंग्रजी तर त्याचीच. रंगरावांनी राजलक्ष्मीला डोळ्याने खूण केली. दोघंही मागच्या अंगणात गेली, कमोडच्या खोलीत शिरली आणि रंगरावांनी दोरी ओढून धरली. महिनाभर खपून केलेल्या त्या खोलीचा हा पहिला उपयोग.

"मी ध्यान म्हणालो होतो त्याला," रंगराव कुजबुजले.

"तीनदा. आणि कुंभकोणमची बस एकदा. आणि काटा धरता येत नाही माकडाला, असंही."

"ते तू म्हणालीस!"

"मी माकड म्हणाले नाही, मी फक्त हसले." राजलक्ष्मीचे डोळे भरून आले. "अहो, दुसऱ्याच्या पोराला घरी बोलावून सहा महिने आपण काय काय बोललो! आपल्या गणेशला चेन्नईत कुणी असं..."

रंगरावांच्या हातातली दोरी सुटली आणि दार धुण्याच्या दगडावर आपटलं. शाल, फोटो, सेतू, सगळं त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. पोराच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा एवढंच त्यांना कळत नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पानावर तूप वाढलं. त्याने "पुरे काका" म्हटलं तरी वाढतच राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोन्ही भाऊ शेजारी शेजारी बसले होते. आधी मातासची पाळी. तो तमिळमध्ये बोलला, स्पष्ट आणि खणखणीत, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. सेतुमाधवाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग प्रणवेश वर गेला. गॉगल नव्हता.

"मी माझ्या कुटुंबाच्या भाषेत बोलणार आहे," तो इंग्रजीत म्हणाला. आणि पुढे मराठीत सुरू झाला.

"पहिल्या दिवशी मी रिक्षातून उतरलो. काका म्हणाले, सेतूला गोरा आणि माझ्या वाट्याला हा."

सेतुमाधवाने झटकन मान वळवून रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांना दरदरून घाम फुटला. स्टेजवर कुलगुरू हसून मान डोलवत होते. चार माणसं सोडली तर त्या हॉलमध्ये कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं.

"काकू म्हणाल्या, हळू बोला. काका म्हणाले, त्याला काय कळतंय. मला कळत होतं. ध्यान म्हणजे काय ते मी आजीला फोन करून विचारलं. आजी खूप हसली. म्हणाली, तुझे आजोबा मला हेच म्हणायचे." तो जरा थांबला. "आमच्या गावात मराठी बोलणारी दोनच घरं राहिलीत. शेजारणीबद्दल काही बोलायचं असलं की आजी तिच्या समोरच मराठीत बोलते. मी इथे आलो तेव्हा मला इथलं कुणी माहीत नव्हतं. विद्यापीठात सगळे माझ्याशी फार चांगलं बोलतात. पाहुण्याशी बोलतात तसं. ह्या एका घरात मला नावं ठेवली. माझ्या तोंडावर, माझ्या आजीच्या भाषेत. मला वाटलं, पोचलो घरी."

राजलक्ष्मी पदराने डोळे पुसत होती. रंगरावांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून हातातच धरून ठेवला.

"समोरच्या घरातले लोक काय बोलतात तेही मी ऐकलंय," प्रणवेश शेवटी म्हणाला. "पण ते मी सांगणार नाही."

भुवनेश्वरी दचकली. सेतुमाधवाला पुन्हा खोकल्याची उबळ आली. हॉलने भरपूर टाळ्या वाजवल्या. भाषा कुठली होती, असं कुणीतरी मागे विचारत होतं, आणि दुसरा कुणीतरी खात्रीने सांगत होता, फ्रेंच.

शाल सेतुमाधवालाच मिळाली. फोटो त्यांचाच छान यायचा, त्याला इलाज नाही. घरी परतताना दोन्ही जोडपी एकाच रिक्षात कोंबून बसली होती. मातास मित्रांबरोबर सिनेमाला गेला होता आणि प्रणवेश हॉस्टेलवर.

"रंगा," सेतुमाधव मांडीवरच्या शालीशी चाळा करत म्हणाला, "ते तमिळ भाषण मी लिहून दिलेलं होतं."

"ठाऊक आहे."

"पुढच्या रविवारी तुझ्या पोराला आमच्याकडे पाठवशील का? भुवना म्हणतेय. म्हणजे... मीही म्हणतोय."

साठ वर्षांत सेतूने रंगरावांकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. रंगरावांनी बाहेर बघितलं, सावकाश नाक पुसलं, आणि ज्या वाक्याची चव त्यांना कधी मिळाली नव्हती ते वाक्य म्हणाले. "बघतो. विचार करून सांगतो."

रविवारी त्यांनी पाठवला. मन मोठं करून पाठवला, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांना पश्चात्ताप झाला. ओट्यावर बसून ते समोरच्या दाराकडे बघत होते. आतून हसण्याचे आवाज येत होते. सेतूच्या घरात एवढं हसण्यासारखं काय असतं? भुवना पुरणपोळ्या करत होती, वास इथवर येत होता. पोराने किती खाल्ल्या असतील?

"हेवा वाटतोय?" राजलक्ष्मीने दारातून विचारलं.

"मला? मी कधी कुणाचा..." रंगराव एवढं म्हणाले आणि थांबले. समोरून पुन्हा हसू आलं. त्यात प्रणवेशचं हसू त्यांना बरोबर ओळखू आलं. ते उठून रस्त्यात आले आणि भर गल्लीत, सांबशिव बघत असताना, मराठीत ओरडले, "जळतोय मी! ऐकलंस का रे? पार जळतोय! जेवण झालं असेल तर घरी ये!"

सांबशिवला काही कळलं नाही. समोरच्या दारात प्रणवेश आला, हाताला पुरण, तोंडात घास.

"अजून दोन पोळ्या राहिल्यात काका. घेऊन येऊ का तिकडे?"

"आण," रंगराव म्हणाले. "आणि सेतूलाही घेऊन ये. त्याच्याबद्दल जरा बोलायचंय."